मक्यानंतर सोयाबीन: प्लेट बदलली, बाकीचं मीटर जुळवलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार ओळींचं व्हॅक्यूम प्लांटर आहे, म्हणजे हवेच्या ओढीने प्लेटच्या छिद्रांवर दाणे धरून एकेक टाकणारं पेरणी यंत्र. मका २० सेंटीमीटरवर व्यवस्थित पेरला गेला. मग सोयाबीनसाठी २६ छिद्रांची प्लेट काढून ७२ छिद्रांची बसवली, दोन दाण्यांत ५ सेंटीमीटर अंतर हवं होतं. पेरणीनंतर उकरून पाहिलं तर दोन ओळींत जागोजागी दाटी, एका ओळीत नांग्या (दाणा न पडलेल्या रिकाम्या जागा), आणि तरीही एकूण बियाणं हिशेबापेक्षा बरंच कमी गेलेलं. म्हणून मीटर (प्रत्येक ओळीचा दाणे मोजून टाकणारा भाग) खराब झालीत का आणि नवीन घ्यावीत का, असं तुम्ही विचारताय.

तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचं कारण एक नाही. दाटी, नांग्या आणि कमी गेलेलं बियाणं या तिन्ही गोष्टी एकाच 'खराब मीटर'च्या माथी मारल्या की माणूस सिंग्युलेटर (छिद्रावरचा जादा दाणा झटकणारा भाग) आणि व्हॅक्यूम एकदमच फिरवत बसतो आणि शेवटी कशामुळे काय झालं हे कळेनासं होतं. म्हणून एकेक तक्रार सुटी करून घेऊ.

आधी कमी गेलेलं बियाणं, कारण त्याचा मीटरशी बहुतेक संबंधच नाही. मीटर जमिनीवरच्या चाकावरून चेन आणि स्प्रॉकेटने (चेनच्या दातेरी चक्रांनी) फिरतं. मक्याला २६ छिद्रं आणि २० सेंटीमीटर अंतर, म्हणजे प्लेटच्या एका फेऱ्यात मशीन ५.२ मीटर पुढे जातं. तुम्ही प्लेट बदलली पण स्प्रॉकेट तेच ठेवले, तर एका फेऱ्यात मशीन अजूनही ५.२ मीटरच जातंय. फक्त त्यात आता ७२ छिद्रं आहेत. ५.२ मीटरला ७२ ने भागा: ७.२ सेंटीमीटर. तुम्हाला हवे होते ५. म्हणजे मीटर अगदी बिनचूक चाललं असतं तरी बियाणं सुमारे ३० टक्के कमीच गेलं असतं. ५ सेंटीमीटरसाठी प्लेटचा एक फेरा ३.६ मीटरमध्ये व्हायला हवा, म्हणजे प्लेट आताच्या १.४४ पट वेगाने फिरायला हवी. तुमच्या मशीनवर चालक आणि चालित स्प्रॉकेटचे दाते किती आहेत ते मोजा आणि पुस्तिकेतल्या तक्त्यातून ७२ छिद्रं व ५ सेंटीमीटरची जोडी काढा. तक्ता हरवला असेल तर हिशेब सोपा आहे: चाकाच्या एका फेऱ्यात मशीन किती मीटर जातं ते मोजा आणि त्याला (छिद्रांची संख्या गुणिले हवं असलेलं अंतर) याने भागा. चाकाच्या एका फेऱ्याला प्लेटचे किती फेरे हवेत, ते उत्तर येतं. चाक एका फेऱ्यात २ मीटर जात असेल तर मक्याला ०.३८५ आणि सोयाबीनला ०.५५६.

चाकाचं माप मात्र टेप गुंडाळून घेऊ नका. पेटीत बियाणं भरून, जी जमीन पेरायची त्याच जमिनीवर, चाकाला खडूची खूण करून १० फेरे चालवा आणि अंतर मोजा. भुसभुशीत जमिनीत चाक थोडं घसरतं, त्यामुळे १० फेऱ्यांना २० ऐवजी २०.८ मीटर भरले तर तुमचं ५ चं अंतर ५.२ होतं. टायरमधली हवा कमी-जास्त असली तरी हाच फरक पडतो.

२६ छिद्रांच्याच प्लेटवर स्प्रॉकेट बदलून सोयाबीन पेरता येईल का, हा प्रश्न इथे हमखास निघतो. ताशी ५ किलोमीटरला मशीन सेकंदाला सुमारे १.३९ मीटर जातं. ५ सेंटीमीटर अंतर हवं तर सेकंदाला जवळपास २८ दाणे पडायला हवेत. ७२ छिद्रांची प्लेट त्यासाठी मिनिटाला २३ फेरे घेते, २६ छिद्रांची ६४ घेईल. इतक्या वेगात छिद्राला दाणा पकडायला वेळच मिळत नाही आणि सिंग्युलेटरवर दाणे आपटून फुटतात. सोयाबीनची साल पातळ असते, तडा गेलेला दाणा बाहेरून धड दिसला तरी बऱ्याचदा उगवत नाही. म्हणून जास्त छिद्रांची प्लेट. वेगाचा प्रश्न ७२ छिद्रांच्या प्लेटवरही संपत नाही: ताशी ८ किलोमीटरला तीही मिनिटाला ३७ फेरे घेते.

आता दाटी. मक्यासाठी लावलेला व्हॅक्यूम तुम्ही तसाच ठेवला असणार, असं मी धरतो. छिद्रावरची ओढ म्हणजे व्हॅक्यूम गुणिले छिद्राचं क्षेत्रफळ. उदाहरणापुरता ५० मिलिबार धरा: ५ मिलिमीटरच्या छिद्रावर सुमारे १० ग्रॅमची ओढ येते, ४ मिलिमीटरवर साधारण साडेसहा ग्रॅमची. ओढ कमी झाली हे खरं, पण मक्याचा दाणा साधारण ०.३ ग्रॅमचा आणि सोयाबीनचा ०.१२ च्या आसपास. म्हणजे वजनाच्या मानाने सोयाबीनचा दाणा मक्यापेक्षा जास्तच घट्ट धरला जातोय.  ओढ अशी गरजेपेक्षा जास्त झाली की कडेच्या फटीतून दुसरा दाणाही ओढला जातो आणि डबल पडतात, म्हणजे एका छिद्रातून दोन दाणे.

यात आणखी एक गोष्ट आहे. छिद्रांचं वर्तुळ २० सेंटीमीटर व्यासाचं धरलं तर २६ छिद्रांत दोन छिद्रांमधलं अंतर २४ मिलिमीटर भरतं, ७२ छिद्रांत जेमतेम पावणेनऊ. सोयाबीनचा दाणा ६-७ मिलिमीटरचा. दाणे एकमेकांना जवळपास खेटूनच फिरतात. अशा वेळी मक्यासाठी आत सरकवलेला सिंग्युलेटर जादा दाण्याबरोबर शेजारचा चांगला दाणाही उडवतो, आणि मक्यासाठी बाहेर ठेवलेला डबल तसेच सोडतो. म्हणून मक्याचा आकडा सोयाबीनला कधीच धरू नये. काही मीटरमध्ये सोयाबीनसाठी सिंग्युलेटरची पट्टीच वेगळी येते किंवा तो काढूनच टाकायचा असतो. तुमच्या पुस्तिकेत काय सांगितलंय, ते पाहूनच पुढे जा.

जुळवणीचा क्रम मी असा ठेवतो. आधी सिंग्युलेटर त्या पिकाच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर, व्हॅक्यूम दिलेल्या मर्यादेच्या मध्यावर. मग फक्त नांग्या बघायच्या. रिकामी छिद्रं दिसत असतील तर व्हॅक्यूम थोडा थोडा वाढवायचा, रिकामी छिद्रं जवळपास संपेपर्यंत. त्यानंतर डबलकडे वळायचं आणि ते सिंग्युलेटरने झटकायचे, एका वेळी एकच खाच. डबल दाणे व्हॅक्यूम कमी करून घालवू नका. उभ्या मशीनवर ते जमल्यासारखं वाटतं, पण शेतात मशीन हादरलं की काठावर धरलेले दाणे गळतात आणि नांग्या पडतात.

व्हॅक्यूमचा काटा वाचताना एक चूक फार होते. प्लेट रिकामी असताना काटा पाहून पंखा लावला जातो. छिद्रं उघडी असतात तेव्हा हवा मोकळी आत येते आणि काटा खाली दिसतो. दाणे बसले की तो वर उडी मारतो. म्हणून आधी चारही प्लेट दाण्यांनी भरेपर्यंत चाक फिरवा, मगच काटा वाचा. पंखा पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) असेल तर ट्रॅक्टरच्या फेऱ्यांवर लक्ष ठेवा, कारण व्हॅक्यूम फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पीटीओ ५४० वरून ४५० वर आला तर व्हॅक्यूम सुमारे ३० टक्के पडतो. बांधावर वळताना ॲक्सिलरेटर सोडायची सवय असेल, तर प्लेटवरचे दाणे गळून पुढच्या ओळीची सुरुवात रिकामी जाते. वळतानाही पंखा त्याच वेगात राहू द्या.

एकाच ओळीत नांग्या आहेत, ही बाब उलट सोपी आहे, कारण बाकीच्या ओळींशी ताडून बघता येतं. ती ओळ उकरून दोन नांग्यांमधलं अंतर मोजा. नांगी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल आणि ते अंतर प्लेटच्या एका फेऱ्याइतकं भरत असेल (तुमच्या सध्याच्या स्प्रॉकेटवर ५.२ मीटर, दुरुस्तीनंतर ३.६), तर एकच छिद्र बुजलंय. सोयाबीनमध्ये हे सारखं होतं. फुटलेल्या दाण्याची डाळ छिद्रात अडकते आणि छिद्रातून दाणे-कचरा बाहेर ढकलणारं छोटं चाक तिला काढू शकत नाही, कारण ते चाक मक्याच्या प्लेटचंच राहिलेलं असतं. त्याच्या दात्यांची जाडी आणि अंतर प्लेटच्या छिद्रांशी जुळावं लागतं. प्लेट बदलली की हे चाकही बदलायचं, असं बऱ्याच मशीनांत असतं आणि नेमकं तेच राहून जातं.

नांग्या कुठेही, कशाही पडत असतील तर त्या ओळीचं मीटर शेजारच्या चांगल्या ओळीवर लावा आणि तिथलं इकडे आणा. दोष मीटरबरोबर गेला तर सील, प्लेट किंवा सिंग्युलेटर. दोष ओळीतच राहिला तर व्हॅक्यूमचा पाइप, चेन, पेटीतलं बियाणं किंवा खाली पडणारी नळी. नवीन सुटे भाग मागवण्याआधी ही अदलाबदल कराच, अर्ध्या तासाचं काम आहे. पाइपमध्ये उंदरांनी घर केलेलं असणं आणि पाइप वाकतो तिथे बारीक चीर असणं, ही दोन कारणं नेहमीची आहेत.

सील तपासायचं तर प्लेट काढून तिची मागची बाजू उजेडात धरा. सील जिथे घासतं तिथे चकचकीत कडं उमटलेलं असतं. ते सगळीकडे सारख्या रुंदीचं असेल तर सील आणि प्लेट नीट टेकतात. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर प्लेट वाकलेली आहे किंवा मधल्या हबवर तिरकी बसलीय. प्लेटवर सरळ पट्टी उभी धरली की खालून उजेडाची फट दिसते, त्यावरून वाकलेली प्लेट लगेच कळते. सील हाताला कडक लागत असेल, चिरलं असेल किंवा त्याची कड चपटी झाली असेल तर बदला. छिद्रांच्या कडा बोटाने चाचपून पाहा. कड गोल झालेली असली की हवा गळते आणि त्या छिद्राची पकड ढिली पडते.

आता बियाण्याकडे. मीटरला पिकाचं नाव कळत नाही, त्याला दाण्याचा आकार, वजन आणि साल कळते. मक्याच्या मक्यातही चपट्या दाण्याची पिशवी संपून गोल दाण्याची उघडली तर जुळवणी पुन्हा तपासावी लागते. सोयाबीन भरण्याआधी चाळून डाळ झालेले, चिरलेले आणि फार लहान दाणे काढा. बीजप्रक्रिया किंवा जिवाणू संवर्धन ओलं लावलं असेल तर बियाणं सावलीत पूर्ण सुकू द्या. ओलसर दाणा प्लेटला चिकटतो, गळायच्या जागी गळत नाही आणि उशिरा पडतो. त्यासाठीच टाल्क-ग्रॅफाइटची पावडर वापरतात. प्रमाण पाकिटावर असतं, पण ती पेटीत वरून भुरभुरली तर तळातल्या दाण्यांना लागतच नाही. बियाण्याबरोबर नीट कालवूनच भरा. दमट हवेत किंवा जाड लेप असलेल्या बियाण्याला थोडी जास्त लागते.

मीटरच्या आत, प्लेटसमोर दाण्यांची जी रास साठते, तिची उंची पेटीखालच्या झडपेने ठरते. सोयाबीन मक्यापेक्षा जास्त वाहतं, म्हणून झडप कमी उघडी लागते. रास फार उंच झाली तर दाणे सिंग्युलेटरच्या वर पोचतात आणि न मोजताच नळीत सांडतात. तुमच्या दाट ओळींत दाणे तीन-चारच्या झुबक्यात पडलेले असतील, तर व्हॅक्यूमच्या आधी ही झडप बघा. डबल म्हणजे नेमके दोन दाणे, झुबका म्हणजे सांडणं.

हे सगळं शेतात जाण्याआधी अंगणातच तपासता येतं. मशीन उचलून मजबूत ठोकळ्यांवर टेकवा, चारही नळ्यांखाली पिशव्या बांधा, पंखा पेरणीच्या फेऱ्यांवर चालू ठेवा. पीटीओ फिरत असताना ढगळे कपडे नकोत, कुणी शाफ्टजवळ जायचं नाही, आणि चाक फिरवायला एक व ट्रॅक्टरवर एक असे दोघे हवेत. प्लेट भरून घ्या, पिशव्या रिकाम्या करा आणि चाकाचे २० फेरे द्या. चाक २ मीटरचं असेल तर ताशी ५ किलोमीटरच्या वेगाला २० फेरे साधारण २९ सेकंदांत व्हायला हवेत. फार हळू फिरवलं तर सगळंच छान दिसतं आणि शेतात बिनसतं. ५ सेंटीमीटरला प्रत्येक पिशवीत ८०० दाणे हवेत. जुन्या स्प्रॉकेटवर हीच चाचणी केली असती तर ५५४ च्या आसपास आले असते, आणि सगळ्या ओळी सारख्याच कमी भरल्यावर दोष चेनकडे आहे हे तिथेच कळलं असतं.

नुसत्या एकूण आकड्यावर मात्र समाधान मानू नका. दहा डबल आणि दहा नांग्या एकमेकींना झाकतात आणि आकडा बरोबर येतो. मीटरला झाकण किंवा खिडकी असेल तर सिंग्युलेटरच्या पुढची १०० छिद्रं नजरेखालून घाला आणि किती रिकामी, किती डबल ते मोजा. शेतात उकरताना मोजायचा आयएसओ ७२५६ चा (पेरणी यंत्रं तपासायच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) नियम सोपा आहे: ठरलेल्या अंतराच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तो डबल, दीडपटीहून जास्त असेल ती नांगी. ५ सेंटीमीटरला म्हणजे २.५ च्या आत डबल, ७.५ च्या वर नांगी.

दाण्यांची संख्या बरोबर आहे पण अंतर ओढाताणीचं, म्हणजे दोन दाणे जवळ आणि पुढचा लांब, असं दिसलं तर मीटरला हात लावू नका. मीटरने मोजणी बरोबर केली आहे, दाणा खाली जाताना बिघडतोय. झिजलेली किंवा आतून खरखरीत झालेली नळी, धक्के देणारी कोरडी चेन, ढिली कडी, नाहीतर जास्त वेग. वेग ताशी एक किलोमीटरने उतरवून पुन्हा उकरा. अंतर सुधारलं तर नळी आणि चेन तपासा.

किती बिनचूकपणा हवा, हे पिकावर ठरतं. मक्यात एक झाड गेलं की शेजारचं झाड ती जागा फारशी भरून काढत नाही आणि डबल झाडं एकमेकांशी झगडतात. तिथे १०० छिद्रांत ९७-९८ एकेरी दाणे मिळेपर्यंत मी थांबत नाही. सोयाबीन फांद्या करून रिकामी जागा बऱ्यापैकी भरून काढतं. त्यात थोडे डबल चालतात, पण दाणा फुटता कामा नये आणि एकूण संख्या चुकता कामा नये. म्हणून सोयाबीनमध्ये शेवटचे दोन-चार डबल घालवायला सिंग्युलेटर घट्ट करत बसू नका. पिशवीतल्या ८०० दाण्यांत किती फुटले ते मोजा आणि पेटीतल्या बियाण्याशी ताडा. पेटीतल्यापेक्षा पिशवीत फुटके जास्त असतील तर सिंग्युलेटर किंवा ब्रश दाबतोय, तो मागे घ्या.

ज्यांच्याकडे व्हॅक्यूम नसून तिरक्या प्लेटचं मशीन आहे, त्यांना व्हॅक्यूमचा भाग लागू नाही, पण प्लेटवरची दाणा बसायची खाच निवडायचा नियम पक्का आहे. खाचेची लांबी सगळ्यात मोठ्या दाण्याच्या लांबीपेक्षा साधारण १० टक्के जास्त आणि खोली दाण्याच्या सरासरी जाडीइतकी. ७ मिलिमीटरच्या दाण्याला ७.७ ची खाच. मोठी खाच असली की लहान दाणे दोन-दोन बसतात, लहान असली की दाणा अर्धा वर राहतो आणि ब्रशखाली चिरडतो. इथे बियाणं चाळून एकसारखं करणं व्हॅक्यूम मशीनपेक्षाही महत्त्वाचं आहे.

हंगामानंतर मीटरमध्ये बियाणं ठेवू नका. प्लेट कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. डिझेल-पेट्रोलने प्लास्टिक आणि सील दोन्ही बिघडतात. आतली धूळ बीजप्रक्रियेच्या औषधाची असते, म्हणून ती उडवताना मास्क आणि हातमोजे घाला आणि उघड्यावरच करा. उरलेलं प्रक्रिया केलेलं बियाणं खाण्यात किंवा जनावरांच्या चाऱ्यात जाता कामा नये. प्लेट सपाट ठेवा किंवा टांगा, भिंतीला तिरक्या टेकवून ठेवलेल्या प्लेट वाकतात. प्रत्येक पिकासाठी प्लेटचा नंबर, सिंग्युलेटरचा आकडा, व्हॅक्यूम, झडप आणि स्प्रॉकेटची जोडी ऑइल पेंटने पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मीटरच्या घराची (बाहेरच्या कवचाची) सील बसते ती कड खोलगट झिजली असेल, घराला तडा असेल किंवा मधला दांडा बेअरिंग बदलूनही डुगडुगत असेल, तरच नवीन मीटर घ्या. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही. आधी स्प्रॉकेट बदला, मग वर सांगितलेल्या क्रमाने व्हॅक्यूम आणि सिंग्युलेटर लावा, आणि नांग्या पडणाऱ्या ओळीचं मीटर अदलाबदल करून पाहा. सील झिजलेलं निघालं तर चारही ओळींची सील आणि ब्रश एकदमच बदला. तीन जुनी आणि एक नवीन असं केलं तर एकाच व्हॅक्यूमवर नवी ओळ डबल टाकेल आणि जुन्या ओळी नांग्या पाडतील.